खेळनिर्मितीचे सॉफ्टवेअर : पैसे मोजावेत केव्हा?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले की शहराच्या उत्तर बाजूस भनपुरीची औद्योगिक वसाहत लागते. त्यापुढे उरला आणि सिलतरा. रोलिंग मिल, फॅब्रिकेशनच्या कार्यशाळा आणि मालाची वाट पाहत उभे असलेले ट्रक हे या पट्ट्याचे नित्याचे चित्र. येथील लहान उद्योजक नवे लेथ यंत्र घेण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारतो : हे यंत्र महिन्यातून किती दिवस चालेल? पाच-सात दिवसांचेच काम असेल, तर तो ते बाहेरून जॉबवर्कने करून घेतो. पंचवीस दिवसांचे काम हाती असेल, तरच कर्जाचा अर्ज घेऊन बँकेत येतो. यंत्र आधी आणि काम मागून, हा क्रम त्याला परवडत नाही.

हाच उद्योजक मात्र घरातील मुलाने संगणकावरील खेळ तयार करण्यासाठी एखादे महागडे सॉफ्टवेअर मागितले की गोंधळतो. वस्तू डोळ्यांना दिसत नाही, किंमत डॉलरमध्ये असते आणि ‘मोफत’, ‘प्रो’, ‘प्रीमियम’ या शब्दांमागील भेद उमगत नाही. अशा वेळी एक तर सरसकट नकार दिला जातो किंवा मुलाच्या उत्साहापोटी मुदत ठेव मोडली जाते. दोन्ही निर्णय हिशेबावाचून घेतलेले असतात. वस्तुतः लेथ यंत्राला लावलेली कसोटीच येथेही लागू पडते. ती कशी लावावी, हे या पाठात पाहावयाचे आहे.

एक कल्पित उदाहरण

नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकात छत्तीसगडावर बसला, तेव्हापासून रायपुरात मराठी कुटुंबांची वस्ती आहे. अशाच एका मराठी कुटुंबाची भनपुरीत फॅब्रिकेशनची लहान कार्यशाळा आहे, असे समजू. थोरल्या मुलाने संगणक विषयातील पदवी घेतली आहे. मित्राच्या भागीदारीत एक खेळ तयार करून तो परदेशी संकेतस्थळावर विकावा, असा त्याचा मानस आहे. ‘व्यावसायिक काम करायचे तर व्यावसायिक परवाना हवा’ असे म्हणत त्याने वडिलांकडे युनिटी या सॉफ्टवेअरच्या ‘प्रो’ परवान्यासाठी पैसे मागितले. वडिलांच्या हाताशी कार्यशाळेचे कॅश क्रेडिट खाते आहे आणि धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली अडीच लाखांची मुदत ठेव आहे.

ही ठेव मोडावी काय? उत्तर देण्यापूर्वी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय आणि त्याचे मोल कोणकोणत्या रीतीने आकारले जाते, ते समजून घेणे अगत्याचे आहे.

गेम इंजिन म्हणजे काय?

चित्रे पडद्यावर हलविणे, चेंडू भिंतीवर आपटून परत येणे, आवाज योग्य क्षणी उमटणे, एकच खेळ मोबाइलवर व संगणकावरही चालणे, ही कामे प्रत्येक खेळाला लागतात. ती दर वेळी नव्याने लिहीत बसण्याऐवजी तयार स्वरूपात पुरविणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘गेम इंजिन’ म्हणतात. घर बांधणाऱ्याला विटा, सिमेंट आणि मचाण आयते मिळावे, तसा हा प्रकार आहे. घराचा आराखडा आणि गवंड्याचे कसब मात्र ज्याचे त्यालाच आणावे लागते.

या इंजिनांचे मोल आकारण्याच्या चार प्रमुख पद्धती आहेत.

१. पूर्णतः मोफत व मुक्त : गोडो हे इंजिन अर्जेंटिनातील दोघा तंत्रज्ञांनी विकसित केले आणि २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. त्यावर केलेला खेळ विकून कितीही उत्पन्न मिळाले, तरी इंजिनापोटी काही द्यावे लागत नाही. त्रिमितीय चित्रे घडविण्याचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअरही २००२ पासून असेच मुक्त आहे.

२. एकरकमी खरेदी : गेममेकर हे सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२३ पासून शिकण्यासाठी व बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत झाले. खेळ विकायचा असेल, तर त्या वेळी एकदाच ९९.९९ डॉलर भरून परवाना घेण्याची सोय करण्यात आली. सोनी, निन्टेन्डो आदींच्या कन्सोल यंत्रांसाठी मात्र वेगळे सदस्यत्व ठेवण्यात आले.

३. उत्पन्नातील वाटा : अनरियल हे एपिक गेम्स कंपनीचे इंजिन. खेळ करणाऱ्यांना ते आरंभी मोफत मिळते. मे २०२० पासून नियम असा की, एखाद्या खेळाचे एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरपर्यंत जाईतो रॉयल्टी नाही; त्यावरील रकमेवर ५ टक्के.

४. उत्पन्नाच्या पायरीनुसार सदस्यत्व : युनिटीची पद्धत ही आहे. मर्यादेखालील उत्पन्न असणाऱ्यांना ‘पर्सनल’ परवाना मोफत. मर्यादा ओलांडली की प्रत्येक वापरकर्त्यामागे वार्षिक शुल्क भरून ‘प्रो’ परवाना. ही मर्यादा पूर्वी वर्षाला एक लाख डॉलर होती, ती नंतर दोन लाख डॉलर करण्यात आली. तीत उत्पन्नाबरोबर उभारलेला निधीही धरला जातो. जानेवारी २०२५ पासून प्रो परवान्याचे शुल्क माणशी वार्षिक सुमारे २,२०० डॉलर झाले.

हिशेब मांडून पाहू

सोयीसाठी एक डॉलर ९० रुपयांचा धरू. २,२०० डॉलर म्हणजे १,९८,००० रुपये. जीएसटी नोंदणी नसलेल्या व्यक्तीला परदेशी पुरवठादाराकडून घेतलेल्या अशा सेवेवर १८ टक्के कर पडतो, म्हणजे ३५,६४० रुपये. बेरीज २,३३,६४० रुपये. कार्डाने परकीय चलनात पैसे भरताना जो अधिभार लागतो तो ३ टक्के धरल्यास सुमारे ७,००० रुपयांची आणखी भर. एका माणसाचा एका वर्षाचा खर्च अशा रीतीने २,४०,००० रुपयांच्या वर जातो. भागीदारालाही परवाना हवा असल्यास दुप्पट. मुलीच्या शिक्षणाची ठेव येथेच संपली आणि खेळ अद्याप तयार व्हावयाचाच आहे.

आता दुसरी बाजू पाहू. मोफत परवान्याची मर्यादा दोन लाख डॉलर, म्हणजे याच दराने १ कोटी ८० लाख रुपये. भनपुरीतील या दोघा तरुणांचे खेळापासूनचे आजचे उत्पन्न शून्य आहे. ज्या परवान्यासाठी ठेव मोडण्याची पाळी आली, त्याची त्यांना नियमाने गरजच नाही. प्रो परवान्यात काही जादा सोयी आहेत हे खरे. परंतु पहिला खेळ शिकत शिकत करणाऱ्यास त्यांचा उपयोग होण्याची वेळ फार पुढची आहे. ‘व्यावसायिक’ हा शब्द कामाच्या प्रतीला लागू पडतो, परवान्याच्या किमतीला नव्हे.

रॉयल्टीचाही असाच हिशेब होतो. अनरियलची दहा लाख डॉलरची मर्यादा म्हणजे ९ कोटी रुपये. खेळाने १० कोटी मिळविले, तर रॉयल्टी वरच्या १ कोटीवर, म्हणजे ५ लाख रुपये. हा खर्च आहे, पण तो उत्पन्न हाती आल्यानंतरचा. उत्पन्नामागून येणारा खर्च झेपतो. उत्पन्नापुढे धावणारा खर्च कर्ज बनतो.

एकरकमी परवान्याची गोष्ट निराळी. ९९.९९ डॉलर म्हणजे कर धरून सुमारे १०,६२० रुपये. खेळ स्टीम या विक्रीस्थळावर ठेवण्यासाठी प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात, म्हणजे ९,००० रुपये. खेळाची विक्री १,००० डॉलरवर गेली की ही रक्कम परत मिळते. तरी आरंभी ती हाताशी हवीच. एकूण १९,६२० रुपये. खेळाची करपूर्व किंमत २५० रुपये ठेवली आणि विक्रीस्थळाने ३० टक्के वाटा कापला, तर प्रतिनगामागे १७५ रुपये उरतात. म्हणजेच ११३ प्रती खपल्या की हा खर्च भरून निघतो. ११३ ग्राहक मिळतील काय, या प्रश्नावर दोन मित्र बसून विचार करू शकतात. अडीच लाखांसाठी हाच आकडा १,३७० च्या पुढे जातो, आणि तोही दर वर्षी.

महाराष्ट्रातील दोन दाखले

मोफत किंवा नंतर पैसे घेणाऱ्या साधनावर मोठे काम होत नाही, हा समज अनुभवाला धरून नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ अनरियल इंजिनावर घडविला. भारतीय पुराणकथा आणि राजस्थानी वास्तुकलेचा बाज असलेला हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये इतर यंत्रांवर प्रकाशित झाला. मुक्त वर्गणीतून निधी उभारण्याचा या चमूचा २०१७ मधील प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. पुढे इंजिन तयार करणाऱ्या कंपनीकडून त्यांना अनुदान मिळाले. या प्रवासात अडचण इंजिनाच्या किमतीची नव्हती. खेळ पूर्ण होईतो अनेक वर्षे माणसांचा चरितार्थ चालविण्याची होती.

नवी मुंबईच्या गेमेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला. तो युनिटीवर आधारलेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत तो पोहोचला. पट जुना, नियम सर्वांना ठाऊक, पण एकाच फोनवर वा दूरच्या नातलगांशी खेळण्याची सोय नवी. यशाचे श्रेय प्रामुख्याने या कल्पनेकडे जाते. इंजिन दोन्हीकडे आवश्यक होते; निर्णायक मात्र नव्हते.

खरा खर्च कोठे आहे?

भनपुरीच्या उदाहरणातील दोघांचा चरितार्थ दरमहा माणशी १५,००० रुपये आणि खेळ पुरा होण्यास दीड वर्ष धरले, तर केवळ वेळेचे मोल ५,४०,००० रुपये होते. चांगला संगणक ८०,००० रुपयांचा धरू. ही रक्कम कोणी मागत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. परंतु प्रकल्प अर्ध्यावर थांबतो तो बहुधा याच रकमेअभावी.

यातूनच पैसे देण्याचा योग्य प्रसंगही कळतो. समजा, पात्रांच्या हालचाली तयार करण्याचे एक पूरक साधन ६,००० रुपयांना मिळते आणि त्यामुळे एका माणसाचे वीस दिवस वाचतात. दरमहा १५,००० रुपयांच्या हिशेबाने वीस दिवसांचे मोल १०,००० रुपये. हे साधन जरूर घ्यावे. तेथे काटकसर केल्यास ४,००० रुपयांचे नुकसान आहे. ‘मोफत तेच वापरीन’ हा हट्टही ‘महाग तेच चांगले’ या समजाइतकाच तोट्याचा.

अटी बदलतात तेव्हा

किंमत पाहिली जाते, करारातील अटी मात्र क्वचितच वाचल्या जातात. याबाबत २०२३ ची घटना उद्बोधक आहे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले की, जानेवारी २०२४ पासून विशिष्ट मर्यादेपलीकडील खेळांवर प्रत्येक नव्या स्थापनेमागे, म्हणजे ग्राहकाने खेळ आपल्या यंत्रावर उतरवून घेताच, शुल्क आकारले जाईल. सर्वांत खालच्या परवान्यासाठी ते २० सेंटपर्यंत होते. मोफत वाटून जाहिरातींवर चालणाऱ्या खेळांत एका ग्राहकामागे मिळणारे उत्पन्न कित्येकदा इतकेही नसते. वर्षानुवर्षे त्याच इंजिनावर काम करणाऱ्यांचे आर्थिक गणित एका घोषणेने विसकटण्याची वेळ आली. तीव्र विरोधानंतर दहा दिवसांत कंपनीने अटी सौम्य केल्या आणि ज्या आवृत्तीवर काम चालू आहे तिच्याच अटी पाळण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क रद्दच करण्यात आले. त्याच वेळी प्रो परवान्याची दरवाढ मात्र जाहीर झाली. मधल्या काळात अनेकांनी मुक्त इंजिनांची वाट धरली. ‘टेरारिया’ या खेळाची निर्माती री-लॉजिक हिने गोडो आणि एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलरची देणगी दिली.

बदलत्या व्याजदराचे कर्ज घेताना दर वाढल्यास हप्ता किती होईल, हे जसे आधी पाहावे, तसेच येथेही पाहावे. भाड्याच्या जागेत यंत्रे बसविणारा जसा भाडेकरार जपून ठेवतो, तशी ज्या आवृत्तीवर काम सुरू केले तिच्या अटींची प्रत तारखेसह जतन करावी. तसेच चित्रे, संगीत, संवाद ही स्वनिर्मित सामग्री इंजिनाबाहेरही उघडता येईल अशा स्वरूपात ठेवावी. इंजिन बदलावे लागले, तर मांडणी पुन्हा करावी लागेल. पण भांडवल वाचेल.

चोरीच्या प्रतीचा मार्ग

‘क्रॅक’ केलेली प्रत वापरण्याचा सल्ला देणारे मित्र सर्वत्र भेटतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय अशा प्रतीबरोबर घुसलेला घातक प्रोग्राम त्याच संगणकावरील नेटबँकिंगचा पासवर्ड पळवू शकतो. उत्तम साधने मोफत उपलब्ध असताना ही जोखीम पत्करण्यास काहीच कारण उरत नाही.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

१. मोफत आवृत्तीत काम नेमके कोठे अडले? अडलेले ठिकाण एका वाक्यात सांगता येत नसेल, तर खरेदीची वेळ आलेली नाही.
२. हे शुल्क एकदाच आहे, दर वर्षी आहे, की उत्पन्नातून द्यावयाचे आहे? माणशी आहे की संस्थेसाठी?
३. कर व परकीय चलनाचा अधिभार धरून रुपयांत पूर्ण रक्कम किती? ती भरून निघण्यास किती प्रती खपाव्या लागतील?
४. सदस्यत्व थांबविल्यास आधीचे काम उघडता येईल काय? विक्रीस ठेवलेला खेळ विकता येईल काय?
५. पैसे कोठून येणार? त्या पैशाचे ठरलेले दुसरे काही काम आहे काय?

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण. खेळ चालला नाही, तर सॉफ्टवेअर परत करून पैसे मिळत नाहीत. जुना लेथ निदान विकता तरी येतो.

पैसे भरताना घ्यावयाची दक्षता

परवाना घेण्याचे ठरलेच, तर काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनुसार नव्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व ऑनलाइन व्यवहाराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू करावयाची असते. ती गरजेपुरती सुरू करून रकमेची मर्यादा घालावी व काम होताच बंद करावी. आवर्ती वसुलीसाठी ई-मॅन्डेट देताना किमान चोवीस तास आधी सूचना मिळते, ती वाचावी. जून २०२२ मध्ये अशा वसुलीची मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. त्याहून मोठ्या रकमेसाठी दर वेळी ग्राहकाची स्वतंत्र संमती आवश्यक ठरली. लहान मासिक रकमा मात्र लक्षात न येता वर्षभर जात राहतात. चाचणीची मोफत मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवणे हा साधा, पण खात्रीचा उपाय आहे. वार्षिक कराराचे हप्ते महिन्याला पाडून दिले, म्हणजे तो करार मासिक होत नाही, हेही तपासावे.

खेळनिर्मितीचा व्यवसाय नियमित झाला, तर उद्यम नोंदणी करावी, स्वतंत्र चालू खाते उघडावे आणि परवान्यांची बिले जपावीत. कराच्या बाबतीत सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

शाखेतील सहकाऱ्यांसाठी

सेवा क्षेत्रातील सूक्ष्म उद्योगांना प्रधानमंत्री मुद्रा योजनेखाली कर्ज मिळू शकते. त्यातील ‘शिशु’ गट ५०,००० रुपयांपर्यंत, तर ‘किशोर’ गट त्यापुढे ५ लाखांपर्यंतचा आहे. असा अर्ज आल्यास केवळ सॉफ्टवेअरचे दरपत्रक पाहून मत बनवू नये. मोफत परवान्यावर केलेला खेळाचा छोटा नमुना आहे काय, तो कुटुंबाबाहेरील काही जणांनी खेळून पाहिला आहे काय, दीड वर्षाच्या चरितार्थाची तरतूद काय, हे विचारावे. नमुना दाखविणाऱ्या अर्जदाराने आपली चिकाटी आधीच सिद्ध केलेली असते. मागणी संगणकासाठी असेल, तर ती सॉफ्टवेअरच्या मागणीपेक्षा सामान्यतः अधिक सबळ असते. खेळ कोणत्या प्रकारचा, हेही पाहणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली असून त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळण्यासही बँकांना प्रतिबंध केला आहे.

तात्पर्य

आरंभी घेतलेल्या उदाहरणातील वडिलांनी ठेव मोडू नये, पण मुलालाही नाउमेद करू नये. मोफत परवान्यावर सहा महिन्यांत एक छोटा, पण पूर्ण खेळ करून दाखविण्याची मुदत त्यांनी त्याला द्यावी. तो झाला, म्हणजे पुढे कशासाठी पैसे हवेत हे मुलगाच नेमकेपणाने सांगू शकेल. कदाचित ते एखादे पूरक साधन असेल, कदाचित चांगला संगणक किंवा विक्रीस्थळाचे १०० डॉलर असतील. सहा महिन्यांत खेळ झाला नाही, तर त्याचे ज्ञान त्याच्यापाशी राहील आणि बहिणीची ठेव बँकेत व्याज मिळवीत राहील.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. मोफत साधनांच्या या काळात पसरण्याजोगे अंथरूण पुष्कळ मिळते. ते पुरते वापरून झाल्यावरच नव्याचा विचार करावा, आणि तेव्हा मात्र पैसे देण्यास कचरू नये.

स्वाध्याय : घरात किंवा कार्यालयात सध्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरसाठी व ऑनलाइन सेवांसाठी शुल्क भरले जाते, त्यांची यादी करावी. प्रत्येकासमोर वार्षिक रक्कम आणि गेल्या महिन्यात ते किती दिवस वापरले, हे लिहावे. दुसऱ्या रकान्यात शून्य आले, तर त्या सेवेचे ई-मॅन्डेट रद्द करण्याचा विचार त्याच दिवशी करावा.